हॉस्पर्स पुस्तिका: कामाच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

दुपारी वाचनालयात नववीतली एक मुलगी नागपूरवरच्या प्रकल्पासाठी चित्रं शोधत होती. तिने 'ऑरेंज सिटी' एवढंच टाकलं आणि पडद्यावर पवनचक्क्या, ट्यूलिपचे ताटवे, लाकडी बूट घालून नाचणारी मुलं. मला बोलावून म्हणाली, "दादा, हे आपलं नागपूर नाही ना?"

नाही. हे अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या वायव्य कोपऱ्यातलं सुमारे सहा हजार वस्तीचं गाव. संत्र्याशी त्याचा काही संबंध नाही. नेदरलँड्सच्या राजघराण्याचं नाव ओरान्ये, त्यावरून ते पडलं. आणि ते वसवण्यात ज्याचा हात सगळ्यात मोठा, तो हेन्री हॉस्पर्स सतराव्या वर्षी नेदरलँड्समधून बोटीने आलेला. पुढे नगराध्यक्ष, जमीन दलाल, नोटरी, बँकवाला, वृत्तपत्राचा मालक, राज्याच्या कायदेमंडळाचा सदस्य.

यंदाच्या 'गाव वसवणारी माणसं' मालेतली तिसरी पुस्तिका कोणावर करायची ते ठरत नव्हतं. आज ठरलं. चोवीस पानं, आणि सोबत वाचनालयाच्या भिंतीवर एक नकाशा. नकाशाचं काम काकांकडे. त्यांची उभी हयात भूकरमापक म्हणून गेली, मोजणीची साखळी आणि शेतांची शेव त्यांच्या बोटात आहेत. डच भाषेचं काम ताईकडे, ती आठ वर्षं उट्रेख्टला राहून आली आहे.

४ जून

नावं आधी पक्की केली, नाहीतर चोवीस पानांत चोवीस रूपं होतात.

मूळ नाव हेंड्रिक. अमेरिकेत हेन्री झाला, तोच चालवायचा. पहिल्या उल्लेखात मात्र हेंड्रिक लिहायचं, कारण आईने हाक मारली असेल ती त्याच नावाने. जन्म १८३०, गाव होखब्लोकलंड, दक्षिण हॉलंडात खोरिन्खेम शहराजवळ. ताईने उच्चार करून दाखवला. 'ग' आपल्यासारखा नाही, घशातून 'ख' येतो.

आयोवातलं पहिलं डच गाव इंग्रजीत जसं म्हणतात तसं लिहिलं तर 'पेला' होतं. मुलं पाणी प्यायचा पेला समजतील. म्हणून 'पेल्ला'. ऑरेंज सिटी ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यासारख्या भागात, आहे तिचं नाव सू, 'सिओक्स' कुठेही नको. त्या नावात माणसं आहेत, ते नाव नीट लिहिणं हे आपलं किमान काम.

'महापौर' खोडलं. महापौर महानगरपालिकेला असतो. पेल्लासारख्या गावाला नगराध्यक्ष. काउंटीचा कारभार पाहणारं निवडून आलेलं मंडळ म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेच्या जवळचं काहीतरी, पण जिल्हा परिषद लिहिलं की वाचक झेडपीची शाळा आणि दवाखाना डोळ्यांपुढे आणेल. 'काउंटी मंडळ' ठेवलं.

८ जून, रविवार

पहिलं प्रकरण लिहून झालं: ही माणसं देश सोडून गेलीच का?

१८३४ मध्ये नेदरलँड्समध्ये सरकारच्या आश्रयाखालच्या चर्चमधून काही पाद्री आणि त्यांच्या मागचे लोक फुटून निघाले. त्यांच्यातला एक पुढारी हेंड्रिक स्खोल्टे. सरकारने त्यांच्यावर नेपोलियनच्या काळातलं दंडसंहितेचं कलम लावलं: परवानगीशिवाय वीसपेक्षा जास्त माणसं धर्मासाठी जमली तर गुन्हा. दंड झाले, तुरुंग झाला, घराघरांत शिपाई राहायला घातले गेले. हा छळ १८४० नंतर बराच ओसरला. मग १८४५ आणि १८४६ मध्ये बटाट्यावर रोग पडला. गरिबाचं जेवण बटाट्यावर होतं. धान्य महाग झालं, मजुरी मिळेना.

इथे ताई आणि मी अडलो. तिचं म्हणणं, पहिलं कारण धर्म. मी म्हटलं, धर्मासाठी जायचं तर १८३५ मध्येच गेले असते. तास-दीड तास बोलून शेवटी असं लिहिलं: धर्माने त्यांना एकत्र बांधलं, पोटाने बाहेर काढलं. दोन्ही नसतं तर आठशे माणसं एकाच वर्षी एकाच ठिकाणी गेली नसती.

१८४७ मध्ये शिडाची चार जहाजं भरून ती माणसं बाल्टिमोरला उतरली. तिथून रेल्वे, मग पेनसिल्व्हेनियातल्या कालव्यांतून डोंगर ओलांडून पिट्सबर्ग, मग ओहायो नदीतून वाफेच्या बोटीने सेंट लुइस. मुख्य लोक सेंट लुइसला थांबले आणि एक छोटी समिती जमीन पाहायला पुढे गेली. मग मिसिसिपीतून किओकुक, आणि तिथून बैलगाडी-घोडागाडी आणि पायी, डे मॉइन नदीच्या कडेकडेने. ऑगस्ट १८४७ मध्ये ते पेल्लाला पोचले. सतरा वर्षांचा हेंड्रिक त्यांच्यात होता. घरचे मागे होते. वडील यान हॉस्पर्स गावात शाळामास्तर, ते बाकी कुटुंब घेऊन १८४९ मध्ये आले आणि त्या प्रवासाची रोजनिशी त्यांनी लिहून ठेवली.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वडिलांच्या आधी दोन वर्षं मुलगा परक्या मुलखात. भाषा शिकला, मोजणी शिकला, कागद वाचायला शिकला. घरात पहिला इंग्रजी अर्ज वाचणारा पोरगा गावोगाव आपणही पाहिलेला असतो. सगळा वाडा त्याच्याकडे कागद घेऊन येतो. हॉस्पर्सचं पुढचं आयुष्य त्या एका गोष्टीवर उभं आहे.

पहिल्या हिवाळ्यात पुरेशी घरं नव्हती. मातीत खड्डे खणून, गवताच्या मुळ्यांसकट कापलेल्या ढेकळांच्या भिंती रचून वर गवत शाकारलं. त्या वस्तीला डच लोक 'स्ट्रोस्टाट' म्हणत. ताईने भाषांतर दिलं 'गवतपूर'. तेच छापायचं.

११ जून

छोटी नोंद, पण ही पानं पुस्तिकेत पुढे जायला हवीत, मागच्या टिपांत नाही.

पेल्लाची जमीन रिकामी नव्हती. १८४२ च्या तहाने सॉक आणि मेस्क्वाकी या तिथल्या मूळ लोकांकडून मध्य आयोवा घेतला गेला आणि ऑक्टोबर १८४५ पर्यंत त्यांना निघून जावं लागलं. डच आले ते १८४७ च्या ऑगस्टमध्ये. मध्ये दोन वर्षंसुद्धा पुरी नाहीत. स्खोल्टेने जमीन घेतली ती बहुतेक सरकारी भावाने, एकरी सव्वा डॉलर.

ऑरेंज सिटीची जमीन डकोटा लोकांची, म्हणजे ज्यांना बाहेरचे सू म्हणत त्यांची. १८५१ मध्ये मिनेसोटात ट्रॅव्हर्स दे सू आणि मेंडोटा इथे तह झाले. दक्षिण मिनेसोटासोबत वायव्य आयोवाही त्यात गेला, एकरी काही सेंटांच्या हिशेबाने. मग ज्यांना घालवलं त्यांचंच नाव काउंटीला दिलं.

हॉस्पर्सने हे तह केले नाहीत. पण त्याच्या हातून गेलेल्या प्रत्येक सनदेच्या खाली हे तह आहेत. काका म्हणाले, "फेरफाराची वही उलटी वाचत गेलं की पहिलं पान कुणाचं, ते सापडतंच." त्यांना विचारून ते वाक्य पुस्तिकेत घेतलं.

१५ जून, रविवार

आज सगळा दिवस नकाशा. लिहिण्यासारखं खूप आहे.

अमेरिकेत पश्चिमेची सरकारी जमीन विकण्याआधी चौकटींत मोजली गेली. सहा मैल गुणिले सहा मैल म्हणजे एक टाउनशिप. तिच्यात छत्तीस चौकोन, प्रत्येक एक मैलाचा, त्याला सेक्शन म्हणतात. सेक्शनमध्ये ६४० एकर. त्याचा पाव म्हणजे १६० एकर. नदी, ओढा, टेकडी काही असो, रेघ सरळ जाते. काकांना आधी पटेना. आपल्याकडे शेव नाल्याने, बांधाने, जुन्या कडुनिंबाने ठरते. चतुःसीमा लिहिताना पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. तिथे शेजारी यायच्या आधीच त्याचा नंबर ठरलेला.

त्या नंबरांची तऱ्हा मात्र त्यांना एकदम आवडली. एक नंबर ईशान्य कोपऱ्यात. तिथून पश्चिमेकडे सहापर्यंत. मग खाली उतरून सात, आणि उलट पूर्वेकडे बारापर्यंत. पुन्हा खाली, पुन्हा उलट. काकांनी पेन्सिल न उचलता एकपासून छत्तीसपर्यंत रेघ ओढली आणि म्हणाले, "हे तर तासावर बैल वळतो तसं आहे." वळतो तसंच आहे.

सोळा नंबरचा सेक्शन शाळेसाठी राखीव. तो विकून येणारा पैसा शाळेच्या निधीत. आणि रेल्वे कंपन्यांना रूळ टाकायला उत्तेजन म्हणून रूळांच्या दोन्ही बाजूंचे विषम नंबरचे सेक्शन सरकारने दिले, सम नंबरचे स्वतःकडे ठेवले. त्यामुळे नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. त्या पट्ट्यातल्या सरकारी जमिनीचा भाव दुप्पट, अडीच डॉलर, आणि फुकटच्या योजनेत तिथे १६० ऐवजी ८० एकरच मिळत.

फुकटची योजना म्हणजे १८६२ चा होमस्टेड कायदा. घरातला कर्ता किंवा एकवीस वर्षांवरचा कुणीही, नागरिक असलेला किंवा नागरिक होण्याचा इरादा लिहून दिलेला, जमीन कार्यालयात जाऊन एक तुकडा मागू शकत असे. फी सगळी मिळून अठरा डॉलरच्या आसपास. मग तिथे घर बांधायचं, कसायचं, पाच वर्षं सलग राहायचं. पाच वर्षांनी दोन साक्षीदार आणून वहिवाट सिद्ध करायची, की राष्ट्राध्यक्षांच्या नावाने दिली जाणारी मालकीची सनद. सनद मिळेपर्यंत नागरिकत्वही पुरं व्हायला हवं.

आता या साखळीत एक डच शेतकरी ठेवून पाहा. इंग्रजी येत नाही. इराद्याचा कागद, मागणीचा कागद, साक्षीदारांचे जबाब, नागरिकत्वाचा कागद. एका कागदावर नाव वेगळं लिहिलं गेलं की पाच वर्षांची मेहनत लटकली. हॉस्पर्स नोटरी होता, जमिनीचे व्यवहार करायचा, दोन्ही भाषा लिहायचा. त्याचा धंदा इथून उभा राहिला. काहींना यात दलाली दिसेल. मला त्यात गावातला तो एक माणूस दिसतो, ज्याच्या ओसरीवर सकाळी सातपासून लोक कागद घेऊन बसलेले असतात. त्याने त्यातून पैसा केला, हे खरं. त्याच्याशिवाय त्या लोकांचं अडलं असतं, हेही खरं.

भिंतीवर प्रमाण ठरलं: १ ला ४०००. पूर्ण टाउनशिप २.४ मीटर लांब आणि तेवढीच रुंद. एक सेक्शन ४० सेंटिमीटरचा, पाव सेक्शन २० चा. सगळं आखून झाल्यावर काकांनी खालच्या कोपऱ्यात एक चिमुकला चौकोन काढला, पावणेतीन सेंटिमीटरचा. मी विचारलं हे काय. "तुमची काटोलची तीन एकर. त्याच मापात." आजोबांची बारा एकर होती, चार भावांत वाटण्या झाल्या. तो चौकोन आम्ही पुसला नाही.

१८ जून

ते तीन एकर डोळ्यांपुढे होते म्हणून दुसरं प्रकरण पटकन लिहून झालं. कारण ऑरेंज सिटी जन्मली तीच वाटण्यांतून.

पेल्ला पहिल्या वीस वर्षांत चांगलं चाललं. १८४९ पासून सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाकडे जाणारे तांडे त्या वाटेने जात आणि डच शेतकऱ्यांकडून धान्य, जनावरं घेत. पण मुलं मोठी झाली. सव्वा डॉलरची जमीन कितीतरी पट महाग झाली. धाकट्या मुलांना आणि नेदरलँड्सहून मागून आलेल्यांना खंडाने कसण्याशिवाय वाट राहिली नाही. १८६० च्या दशकाच्या शेवटी पेल्लाचा नगराध्यक्ष हॉस्पर्स होता. नव्या वसाहतीसाठी सभा झाल्या, समिती नेमली गेली, ती जमीन पाहायला निघाली, आणि त्यात तो होता. १८६९ मध्ये सू काउंटीतली जागा नक्की झाली. जमीन कार्यालय सू सिटीला.

काकांनी नकाशावर पट्टी ठेवली. पेल्ला ते ऑरेंज सिटी सरळ रेषेत तीनशे किलोमीटरहून जास्त. १८७० च्या वसंतात ते अंतर कापडी छताच्या गाड्यांनी कापलं गेलं. वाटेत पूल नसलेले ओढे, मागे गायी बांधलेल्या. पोचल्यावर झाड नाही. सगळा गवताळ माळ. लाकूड विकत आणायचं, तेही लांबून. म्हणून पुन्हा ढेकळांची घरं, बापांनी १८४७ मध्ये बांधली तशीच. पहिल्यांदा नांगर घालताना गवताच्या मुळ्या इतक्या गच्च की साधा फाळ फसतो, खास माळ फोडायचा नांगर आणि तीन-चार बैलजोड्या लागत.

हॉस्पर्स स्वतः १८७१ मध्ये राहायला आला. त्याआधी त्याने एक वेगळं काम केलं होतं. आयोवा राज्याने १८७० मध्ये स्थलांतरितांसाठी मंडळ काढलं आणि 'आयोवा: स्थलांतरितांचं घर' अशा अर्थाची माहितीपुस्तिका इंग्रजीसोबत डच, जर्मन, स्वीडिश आणि डॅनिशमध्येही छापली. त्या मंडळातर्फे १८७०-७१ च्या हिवाळ्यात हॉस्पर्स नेदरलँड्सला गेला. तेवीस वर्षांपूर्वी ज्या बंदरातून पोरगा म्हणून निघाला त्याच देशात तो आता राज्य सरकारचा माणूस म्हणून उतरला. लोक भेटायला आले असतील तेव्हा त्याच्या बुटांकडे, घड्याळाकडे, हातांकडे बघत असतील. असं कुणी गावात परत आलं की आपल्याकडेही बघतात. हे वाक्य कल्पनेचं आहे, म्हणून पुस्तिकेतून काढलं आणि इथे ठेवलं.

२० जून

मुखपृष्ठ. ट्यूलिपच्या ताटव्यांचे फोटो खूप सुंदर आहेत आणि सगळ्यांना तेच हवेत. मी नको म्हटलं. ऑरेंज सिटीचा ट्यूलिप महोत्सव १९३६ पासूनचा, हॉस्पर्स वारला १९०१ मध्ये. त्याच्या आयुष्यात तिथे ढेकूळ होतं, फूल नंतर आलं. मुखपृष्ठावर काकांची ती नागमोडी रेघ जाईल, एकपासून छत्तीसपर्यंत.

२४ जून

कॅलिओपीचं प्रकरण. मुलांना हेच सगळ्यात आवडणार, म्हणून इथे जास्त जपून लिहिलं.

डच येण्याआधी सू काउंटीचं ठाणं, म्हणजे कारभाराचं मुख्य गाव, होतं कॅलिओपी, बिग सू नदीच्या काठावर. काउंटी कागदावर १८६० मध्येच उभी राहिली होती. वस्ती बोटांवर मोजण्याइतकी. पण अधिकारी होते, कचेरी होती आणि काउंटीच्या नावाने काढलेलं देणं होतं. ते देणं फेडायचं कुणी? ज्यांनी माळ फोडला त्यांनी, करातून.

दोन वर्षांत डच मतं जुन्या मंडळींहून जास्त झाली. त्यांचे लोक निवडून आले आणि सत्ता सुखासुखी हातात येईना. जानेवारी १८७२ मध्ये ऑरेंज सिटीकडची माणसं कडाक्याच्या थंडीत बर्फावरच्या घसरगाड्या जोडून कॅलिओपीवर गेली आणि काउंटीची तिजोरीच उचलून गाडीवर घालून घेऊन आली. त्याच वर्षी मतदान होऊन काउंटीचं ठाणं कायदेशीरपणे ऑरेंज सिटीला आलं. कॅलिओपी पुढे हॉवर्डन गावात सामावलं.

ताईने मसुदा वाचून विचारलं, "यात आपण टाळ्या वाजवतोय का?" तिचं बरोबर होतं. मी 'शूर शेतकरी' लिहिलं होतं. खोडलं. तिजोरी उचलून नेणं हा कायदा नव्हे. पण निवडून आलेल्यांना दारात उभं ठेवणंही कायदा नव्हे. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवली. माझ्या मते त्या वर्षातली खरी घटना ते मतदान आहे, कारण गाडीवरची तिजोरी परत नेता येते, मत परत नेता येत नाही. हॉस्पर्स पुढे काउंटी मंडळात होता आणि जुन्या देण्याचा निकाल लावायला अनेक वर्षं गेली.

२८ जून

टोळधाड.

२०२० च्या मे महिन्यात काटोलकडे टोळ आले तेव्हा मी तिथेच होतो. संध्याकाळी संत्र्याच्या झाडांवर बसले. लांबून वाटलं झाडाची पानं हलताहेत, वारा मात्र नव्हता. रात्री कीटकनाशकाच्या गाड्या आल्या, सकाळी जमिनीवर मेलेल्या टोळांचा थर. आम्ही ताटं आणि डबे वाजवत बांधावरून पळत होतो. काका धापा टाकत होते आणि थांबत नव्हते. तेवढी एक रात्र.

सू काउंटीत ते १८७३ पासून १८७० च्या दशकाच्या शेवटापर्यंत पुन्हा पुन्हा आलं. ती जात वेगळी, रॉकी पर्वताचा टोळ. एका वर्षी आलेले अंडी घालून जात आणि पुढच्या वसंतात जमिनीतूनच पिल्लं निघत. गहू, ओट, मका, भाजीपाला, काही शिल्लक राहत नसे. लोक वसाहत सोडून निघाले. पाच वर्षांची वहिवाट पुरी व्हायची होती आणि खायला नव्हतं. नंतर ही जात जगातूनच नाहीशी झाली, जिवंत टोळ शेवटचा दिसला १९०२ मध्ये.

या मधल्या काळात, जून १८७४ मध्ये, हॉस्पर्सने वृत्तपत्र काढलं. नाव 'दे फोल्क्सफ्रिंट'. 'फोल्क' म्हणजे लोक, 'फ्रिंट' म्हणजे मित्र. ताईने अर्थ सांगितला आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, लोकमित्र. मराठीत एकही अक्षर ओढूनताणून आणावं लागलं नाही.

पुस्तिकेत मी या वृत्तपत्राला सर्वांत जास्त जागा देतोय, दोन पूर्ण पानं. पीक गेलेलं असताना वृत्तपत्र काढणारा माणूस काय करत होता, हे मुलांनी समजून घ्यावं म्हणून. पैसा तिथे नव्हता. पण विखुरलेली शेतं, मैलमैलांवर घरं, रस्ते नाहीत, चर्चला जायचं तर अर्धा दिवस. अशा माणसांना दर आठवड्याला आपल्या भाषेतला एक कागद हातात येतो. बाजारभाव, कोण कुठे स्थायिक झालं, नेदरलँड्सची खबर, दुसऱ्या राज्यांतल्या डच वस्त्यांतून आलेली पत्रं. त्या कागदातून शेतकऱ्याला कळतं की आपण एकटे नाही. शिवाय जमीन विकणारा आणि वृत्तपत्र चालवणारा एकच, हेही त्याच पानावर लिहिलं. वसाहत टिकली तरच त्याची जमीन विकली जाणार होती. त्याचा स्वार्थ आणि लोकांचं हित एकाच बैलगाडीला जुंपलेलं होतं आणि तो ते लपवत नव्हता.

'फोल्क्सफ्रिंट' १९५१ पर्यंत चाललं. सत्त्याहत्तर वर्षं, डच भाषेत, आयोवाच्या माळावर.

३ जुलै

बाकीचं भराभर. बँक काढली. १८८२ मध्ये नॉर्थवेस्टर्न क्लासिकल अॅकॅडमी ही शाळा उभी राहिली, तिच्या संस्थापकांत तो होता आणि पाद्री साइने बोल्क्सही. आज ते महाविद्यालय आहे आणि तिथल्या एका वसतिगृहाला हॉस्पर्सचं नाव आहे. १८८७ मध्ये आयोवाच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आला, पुढे राज्याच्या सिनेटवर. 'विधान परिषद' लिहायचा मोह झाला होता, पण परिषदेचे सदस्य सामान्य मतदार थेट निवडून देत नाहीत, म्हणून 'सिनेट'च. रेल्वेच्या वाटेवर जवळच एक गाव आहे, आधी त्याला नॉर्थ ऑरेंज म्हणत, आता त्याचं नाव हॉस्पर्स.

या पानावर मी फार थांबलो नाही. पदं मोजून माणूस कळत नाही, आणि सभागृहात पोचेपर्यंत त्याचं मोठं काम होऊन गेलेलं होतं.

५ जुलै

छापखान्याने नकाशाचं पान उलटं लावून प्रूफ पाठवलं. ईशान्य कोपरा नैर्ऋत्येला. काकांनी पाहिल्याबरोबर सांगितलं, एक नंबर चुकीच्या जागी आहे. दुरुस्त करून घेतलं. तीन दिवस गेले.

९ जुलै

पहिल्या वाक्यावरून पुन्हा बैठक. माझा मसुदा होता: 'हेन्री हॉस्पर्स हा डच वंशाचा अमेरिकी राजकारणी व व्यापारी.' काका म्हणाले, यात माणूस दिसत नाही. ताई म्हणाली, 'डच वंशाचा' नको, तो तिथे जन्मला, वंशाचा म्हणजे आजोबा तिथले. शेवटी असं झालं:

'होखब्लोकलंडच्या शाळामास्तरांचा मुलगा हेंड्रिक सतराव्या वर्षी घरच्यांच्या आधी अमेरिकेला गेला, आणि ज्यांना जमीन हवी होती पण कागद वाचता येत नव्हते अशा आपल्या माणसांचे कागद त्याने आयुष्यभर लिहिले.'

लांब आहे. तिघांनाही तेच हवं होतं.

१३ जुलै, रविवार

भिंत रंगवली. मुलं नऊ वाजताच हजर. विषम सेक्शनना राखाडी, सम पांढरे. सोळा नंबर कुणी रंगवायचा यावरून भांडण झालं, कारण तो शाळेचा. ज्या मुलीने पहिल्या दिवशी 'हे आपलं नागपूर नाही ना' विचारलं होतं तिलाच दिला. तिने केशरी मागितला. दिला.

नकाशाच्या वर एक ओळ मोठ्या अक्षरांत: '१८५१ च्या तहापूर्वी ही डकोटांची भूमी.' कोपऱ्यातला पावणेतीन सेंटिमीटरचा चौकोन बघून मुलांनी काकांना विचारलं, हे कुणाचं शेत? मग प्रत्येकाने आपापलं शेत सांगितलं, काकांनी त्याच मापात काढून दिलं. दोन एकर, पाच एकर, एकाचं तीस गुंठे. भिंतीची खालची कड भरून गेली.

एक चौकोन राहिलाय. आयोवातून घालवलेले मेस्क्वाकी लोक परत आले आणि १८५७ मध्ये टामा काउंटीत त्यांनी स्वतःच्या पैशांनी जमीन विकत घेतली, ८० एकर, एक हजार डॉलरला. एकरी साडेबारा. दहा वर्षांपूर्वी त्यांच्याकडून गेलेली पेल्लाची माती डचांना सरकारकडून सव्वा डॉलरने मिळाली होती. मेस्क्वाकी आजही तिथेच आहेत. त्यांचे ८० एकर पुढच्या रविवारी डाव्या बाजूला काढायचे आहेत, १ ला ४००० याच प्रमाणात, वीस सेंटिमीटर बाय दहा. काकांनी रेघा आखून ठेवल्यात, रंग आणायचा आहे.